अस्वलांची मुंडकी, कॅमेलियाची फुलं आणि एक वैमानिक जज्ज

काळाकोट

गेले आठ-दहा दिवस रात्री जेवणं आटोपली की मी एका माणसाच्या मागे लागलोय. बायको म्हणाली आता एकदा त्यालाच जेवायला बोलवा म्हणजे विषय संपेल. माणूस २०२३ मध्येच वारला त्यामुळे ते शक्य नाही, म्हणून इथे लिहितो.

नाव रॉजर व्हिन्सन. फ्लोरिडात पेन्साकोला म्हणून गाव आहे तिथल्या फेडरल कोर्टाचे जज्ज, आणि वकील व्हायच्या आधी अमेरिकन नेव्हीत विमानं उडवायचे. मी यांच्यापर्यंत पोचलो तो अगदीच आडवाटेने. एका नगरपालिकेच्या उपविधीची केस होती, त्यातलं एक कलम बेकायदा आहे हे समोरच्यानेही जवळपास मान्य केलेलं, प्रश्न एवढाच होता की कलम पडलं तर बाकीचा उपविधी उभा राहतो का. त्यासाठी वाचता वाचता कुठून कुठे गेलो आणि या माणसाचा ३१ जानेवारी २०११ चा ७८ पानी निकाल हाताला लागला. ओबामाकेअरचा, म्हणजे ओबामांच्या सक्तीच्या आरोग्यविम्याच्या कायद्याचा. रात्री दीडपर्यंत वाचत बसलो, सकाळी तारीख होती तरी.

थोडक्यात आयुष्य असं. जन्म १९४० चा, केंटकी राज्यातल्या कॅडिझ नावाच्या छोट्या गावात. १९६२ ला अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीतून पदवी, मग १९६८ पर्यंत नेव्हीत वैमानिक. तिथून बाहेर पडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लॉ कॉलेजला, म्हणजे वर्गातली पोरं पाचसहा वर्षांनी लहान असणार. १९७१ ला व्हँडरबिल्टची डिग्री. मग सरळ पेन्साकोलाला येऊन बारा वर्षं वकिली आणि १९८३ ला रेगननी जज्ज नेमलं. फेडरल जज्ज म्हणजे तहहयात, आपल्यासारखं ६२ ला निवृत्त होऊन लवादाची कामं शोधायची भानगड नाही. १९९७ ते २००४ तिथले मुख्य न्यायाधीश, २००५ पासून 'सीनियर', म्हणजे आपल्या मर्जीने कमी काम घ्यायचं. त्या 'कमी कामा'तच त्यांच्या आयुष्यातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या सह्या आहेत, हे विशेष.

पेन्साकोला का, तर ते अमेरिकन नेव्हीच्या विमानदलाचं माहेर आहे. १९१४ पासून तिथे उडायला शिकवतात. माणूस नेव्हीत होता आणि वकिली करायला बरोबर याच गावात आला, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

आता अस्वलं. सप्टेंबर २०१० मध्ये ही केस यांच्यासमोर चालू असताना तिकडच्या रेडिओवरचे सगळ्यात मोठे कडवे उजवे बोलबच्चन रश लिम्बॉ यांनी लाखो श्रोत्यांना सांगितलं की हे जज्ज मोठे शिकारी आहेत, तीन अस्वलं मारून त्यांची मुंडकी पेंढा भरून कोर्टाच्या दारावर लावली आहेत, आत येणाऱ्या आरोपीला धडकी भरावी म्हणून. लिम्बॉ हे कौतुकाने सांगत होते हां, आता सरकारची कशी खैर नाही बघा या अर्थी. प्रत्यक्षात कुणीतरी नुकतीच विकिपीडियावर ही थाप घुसडलेली होती आणि पुराव्याला तळटीप दिली होती स्थानिक पेपरातल्या बातमीची, तारीख ३१ जून २००३.

३१ जून!! कुणालाही बोटाच्या पेरांवर मोजून बघावंसं वाटलं नाही. जज्जसाहेबांना पेपरवाल्यांनी विचारलं तर ते म्हणाले मी आयुष्यात एकही अस्वल मारलेलं नाही. आणि मारायचे कसे, गृहस्थाचा खरा नाद म्हणजे बागकाम. कॅमेलिया नावाची फुलझाडं लावायची. त्यात इतके मुरलेले की अमेरिकन कॅमेलिया सोसायटीचे अध्यक्ष होते.

मला तर यातच सगळं आलं असं वाटतं. या माणसाबद्दल ज्याला जे हवं होतं ते त्याने त्याच्या दारावर टांगलं. कुणी 'ओबामाचा कर्दनकाळ', कुणी 'सगळ्या अमेरिकेचे फोन तपासायला देणारा'. (हे दुसरं काय ते खाली येईलच, मी आत्ता दमलोय.) या अशा माणसाबद्दल तुमची मतं वाचायला आवडतील. नेव्हीतले कुणी असतील तर त्यांची आधी.

झेडपीगुरुजी

मस्त धागा वकीलसाहेब. ३१ जूनला हसून हसून पुरेवाट झाली. पण आम्हा अडाण्यांसाठी जरा सांगा ना की ओबामाकेअर निकाल नक्की काय होता, विमा सक्तीचा केला तर त्यात घटना कुठे आली? आमच्याकडे गाडीचा विमा सक्तीचाच आहे.

निम्माशहाणा

आला, अमेरिकन जज्जचा कौतुकसोहळा आला. रेगनने नेमलेला माणूस डेमोक्रॅट सरकारच्या विरोधात निकाल देतो, यात विमान कुठे आलं नि समुद्र कुठे आला. पक्षाचा माणूस पक्षाचं काम करतो. बाकी चालू द्या.

काळाकोट

@झेडपीगुरुजी, गाडीचा दाखला तिकडेही दिला गेला, पण गाडी घ्यायची का नाही हे तुमच्या हातात आहे, नाही घेतली तर विमा नको. इथे नुसतं जिवंत असल्याबद्दल विमा घ्या नाहीतर दंड भरा, असं होतं. २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली आणि त्याच दिवशी फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरलने पेन्साकोलाला दावा ठोकला, आधी १३ राज्यं मग वाढत वाढत २६. सरकारचं म्हणणं, काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) आंतरराज्य व्यापाराचं नियमन करायचा अधिकार आहे. व्हिन्सन म्हणाले, जो माणूस काहीच खरेदी करत नाहीये त्याच्या काहीच न करण्याला व्यापार म्हणायचं असेल तर मग अधिकाराला हद्दच राहत नाही, उद्या ठरावीक दिवसांनी ब्रोकोली विकत घेऊन खा असाही हुकूम काढाल. ती ब्रोकोली नंतर पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली.

पण मला आवडलं ते चहाचं वाक्य. ईस्ट इंडिया कंपनीला चहाची मक्तेदारी दिली आणि वर किरकोळ कर लावला म्हणून जो देश भांडून वेगळा झाला, त्या देशाने लोकांना चहा विकत घ्यायला भाग पाडू शकेल असं सरकार मुळात बनवलं असेल ही कल्पनाच करवत नाही, अशा अर्थाचं लिहिलंय. तीच ती कंपनी, आपल्या इथेही येऊन बसलेली. वाचताना जरा गंमत वाटली.

सुनावणीत एक किस्सा आहे. विमा नसलेला माणूस आजारी पडला तर काय करतो यावर चर्चा चालली होती तेव्हा जज्जसाहेबांनी स्वतःचं सांगितलं की मी लॉ कॉलेजात असताना माझा विमा नव्हता, पहिलं मूल झालं तेव्हा डॉक्टरचे पैसे रोख मोजले, हिशेब केला तर पौंडाला शंभरेक डॉलर पडले. कोर्टात हशा.

@निम्माशहाणा, पक्षाचं म्हणताय तर हे ऐका. १९८४ च्या ख्रिसमसला पेन्साकोलात गर्भपाताच्या तीन दवाखान्यांत बॉम्ब फुटले होते, लावणारे धार्मिक तरुण, गावात त्यांच्याबद्दल सहानुभूती असणारे लोक कमी नव्हते. खटला यांच्यापुढे, दोघांना प्रत्येकी १० वर्षं. १९९४ मध्ये त्याच गावात गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचा खून झाला, आरोपीला कोर्टात सांगायचं होतं की जीव वाचवायला जीव घेतला म्हणून मी निर्दोष. व्हिन्सननी तो बचाव ज्यूरीपुढे येऊच दिला नाही. हे पण रेगननेच नेमलेले व्हिन्सन.

वास्कोकर

नेव्हीतले कुणी असेल तर, असं लिहिलंय म्हणून येतोय, एरवी मी फक्त वाचणाऱ्यातला. मी पायलट नाही, मी ग्राउंड क्रू. दाबोळीला हंसा या नेव्हीच्या तळावर आणि मध्ये जुन्या विक्रांतवर. अलिझे विमानं होती तेव्हा. आता ती म्युझियममध्ये उभी आहेत आणि मीही जवळजवळ तसाच, बोगमाळोच्या रस्त्याला राहतो, कधी मुलाला घेऊन गेलो तर त्याला म्हणतो हिच्या पोटाखाली मी झोपलोय.

विमानवाहू जहाजावर उतरणं काय असतं ते पायलटपेक्षा डेकवरच्या माणसाला जास्त दिसतं. विमानाच्या शेपटीखाली लोखंडी हूक असतो, डेकवर आडव्या तारा, हुकात तार अडकली तर दोनतीनशे फुटांत विमान उभं. आणि टायर टेकले की पायलटने इंजिन बंद नाही करायचं, उलट जोर द्यायचा. बाहेरच्या माणसाला हे खरंच वाटत नाही. कारण तार सुटली तर परत उडता आलं पाहिजे, नाहीतर पुढे समुद्र. म्हणजे थांबण्याची पुरेपूर तयारी आणि निघण्याचीही पुरेपूर तयारी, दोन्ही एकाच सेकंदाला. दुसरं म्हणजे डेकच्या कडेला एक ऑफिसर उभा असतो, तो स्वतः पायलट असतो आणि प्रत्येक लँडिंगला शेरा देतो. सगळ्यांसमोर. चांगलं उतरलास, वाईट उतरलास, कसा उतरलास. सीनियर असो नाहीतर ज्युनियर. त्यात चिडायचं नसतं.

तुमच्या जज्जसाहेबांनी कुठलं विमान उडवलं मला माहीत नाही पण सहा वर्षं त्या हवेत काढली म्हणजे दुसऱ्याने शेरा मारला की तो कसा घ्यायचा हे अंगात भिनलेलं असणार. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला तेव्हा काय म्हणाले ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

पाटीपेन्सिल

वास्कोकर काका तुम्ही लिहीत जा हो प्लीज!! 'हिच्या पोटाखाली मी झोपलोय' 😂 वेगळा धागा काढा ना अलिझेवर.

निम्माशहाणा

काकांचं लिखाण छानच, त्याबद्दल वाद नाही. पण वकीलसाहेब, तुम्ही मुख्य गोष्ट गाळलीत. विम्याचं एक कलम चुकीचं म्हणून तुमच्या या माणसाने आख्खा कायदा रद्द केला, ज्यात लहान मुलांना जुन्या आजारासकट विमा मिळण्याची सोय होती, औषधांच्या किमती होत्या, काय काय होतं. एक फांदी किडली म्हणून झाड तोडायचं? आणि तुमचा तो दुसरा कागद, फोनवाला, तोही सांगा की जरा. का फक्त फुलंच दाखवणार.

काळाकोट

सांगतो. आधी झाडाचं.

हा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्यासारख्याला तोच सगळ्यात रंगतदार आहे कारण मी त्याच प्रश्नासाठी तिकडे गेलो होतो. व्हिन्सन यांनी लिहिलंय की हा कायदा म्हणजे बारीक कारागिरीचं घड्याळ आहे असं समजा, त्यातला एक महत्त्वाचा भाग सदोष आहे, तो काढायचाय, पण भाग इतके आहेत आणि एकमेकांत इतके गुंतलेत की राहिलेलं घड्याळ चालेल का हे ठरवणं माझं काम नाही, नव्याने घडवणं हे काँग्रेसचं काम. वाचताना मी वहीत बाजूला लिहिलं, 'पायलट'.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा, तो आजही महाराष्ट्रात आहे, परमिट रूमच्या पाटीत 'परमिट' आहे ते त्याचंच. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले की मला व्हिस्की बाळगायचा हक्क आहे, शिवाय ओ दि कोलोन आणि औषधी वाइनसुद्धा तुम्ही दारूत मोजता हे काय. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने काय केलं, औषधं आणि अत्तरंबित्तरं यांच्याबाबतीतला भाग तेवढा कापला आणि बाकीचा कायदा शाबूत. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात याचे नियमच घालून दिले, काय कापता येतं आणि काय नाही. आपली कोर्टं शिंप्यासारखी आहेत, फाटलं तेवढं काढून ठिगळ. माझं स्वतःचं मत विचाराल तर व्हिन्सन इथे चुकले. कलम पाडण्यापर्यंत मी त्यांच्या बरोबर होतो, घड्याळ फेकायला नको होतं.

आणि वरच्या कोर्टालाही तसंच वाटलं. ऑगस्ट २०११ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ ने सक्तीचं कलम घटनाबाह्य हे मान्य केलं पण बाकीचा कायदा वाचवला. मग २८ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४. त्यात गंमत अशी की मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स व्यापाराच्या मुद्द्यावर व्हिन्सन यांच्याच बाजूचे, पण म्हणाले दंड नका म्हणू, कर म्हणा, कर लावायचा अधिकार आहेच. झालं, कायदा राहिला. म्हणजे वास्कोकर काकांच्या भाषेत, हूक अडकला, तार तुटली.

आणखी एक. निकाल दिला तेव्हा वेगळा मनाईहुकूम काढला नव्हता, सरकार कोर्टाचं ऐकतं असं गृहीत धरलं. सरकारने दोन-अडीच आठवडे जणू काही झालंच नाही अशा थाटात अंमलबजावणी चालू ठेवली आणि मग अर्ज केला की निकालाचा अर्थ स्पष्ट करा. मार्च २०११ च्या आदेशात साहेब चांगलेच तापलेत. तरी केलं काय, तर स्वतःच्याच निकालाला स्थगिती दिली, अट एवढीच, सात दिवसांत अपील करा. नुसता पक्षाचा माणूस असता तर घोळ चालू ठेवला असता की.

वास्कोकर

घड्याळाचं वाचून मला फॉड वॉक आठवला. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी डेकवर एका टोकाला सगळे ओळीने उभे राहतात, खांद्याला खांदा, आणि माना खाली घालून चालत दुसऱ्या टोकाला जायचं. खिळा, नट, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं. कारण एवढंसं काही इंजिनात गेलं की संपलं. मी एकदा एक वॉशर उचलला होता, पाच पैशाएवढा, त्यावरून अर्धा तास कामं थांबली, कुठल्या विमानाचा गळलाय ते सापडेपर्यंत एकही विमान सोडलं नाही. सापडला. आमच्याच एका पोराने ट्रॉलीवरचा पाडला होता, विमानाचा नव्हताच. त्याला जे ऐकायला लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर ज्याने तिथे वर्षं काढली त्याला 'एवढा एक भाग सोडून बाकी चालवून घेऊ' हे पटणं कठीण आहे हो. आम्ही चालवून घेत नाही. वकिलांचं चालत असेल.

काळाकोट

काका, मानलं. पण विमान जमिनीवर ठेवलं तर कुणाचं औषध बंद होत नाही, कायदा बंद ठेवला तर होतं. फरक आहे.

वास्कोकर

तो आहे.

शेवंती

मी अलाबामात राहते, पेन्साकोला आम्हाला गाडीने दीड तास, शनिवारी सकाळी निघायचं नि समुद्रावर जायचं, वाळू इतकी पांढरी की मुलीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा साखर म्हणून तोंडात घातली. तिथे कधीही जा, डोक्यावर विमानं असतातच, ब्लू एंजल्सचा, म्हणजे नेव्हीच्या कसरती करणाऱ्या विमानांच्या पथकाचा, तळ तिथे आहे आणि त्यांचा सराव चालू असला की आख्खा बीच मान वर करून उभा राहतो, भेळेत वाळू गेली तरी कळत नाही (हो, आम्ही भेळ नेतो).

मी यांचं नाव वेगळ्याच कारणाने ऐकलं होतं. ड्रग्जच्या केसमधे एका बाईला यांनी १९९७ ला जन्मठेप दिली होती, तिकडे जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, पॅरोल नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, तीन लहान मुलं. माल तिच्या मित्राचा, तिच्या माळ्यावर पेटीत ठेवलेला. शिक्षा सुनावतानाच जज्ज म्हणाले होते की तुझा भाग म्हणजे मैत्रीण म्हणून सामान आणि पैसे सांभाळण्याचा, माझ्या मते तुला जन्मठेप होऊ नये, पण कायद्याने माझ्या हातात काही ठेवलेलं नाही. आणि दिली. सोळा वर्षांनी डिसेंबर २०१३ मधे तिची शिक्षा माफ करून तिला सोडवलं ते ओबामांनी. ज्या ओबामांचा कायदा यांनी पाडला होता त्यांनीच. मला हे वाचल्यावर दोन दिवस काहीतरीच होत होतं. ज्याला चूक दिसतेय त्यानेच सही करायची.

निम्माशहाणा

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पण शेवंतीताई, एखाद्याने राजीनामा दिला असता. 'माझ्या हातात काही नाही' हे वाक्य फार सोयीचं असतं.

काळाकोट

राजीनामा दिला असता तर दुसऱ्याने दिली असती, आणि कदाचित ते वाक्य न बोलता. ते वाक्य रेकॉर्डवर होतं म्हणून तर पंधरा वर्षांनी पत्रकार तिथपर्यंत पोचले. तेव्हाही व्हिन्सननी हात झटकले नाहीत, माझ्या मर्जीवर असतं तर ही शिक्षा मी कधीच दिली नसती असं उघड सांगितलं. पुरेसं आहे का? मला नाही वाटत. पण मी सेशन्स कोर्टात जज्जांना मान खाली घालून किमान शिक्षा वाचताना पाहिलंय आणि त्यातले सगळे खाली बघतात असंही नाही.

आपल्याकडेही एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुसऱ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी होती, २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती 'सक्तीची' राहणार नाही असं ठरवलं, शेवटचा शब्द जज्जचा. तिकडे तो शब्दच काँग्रेसने काढून घेतला होता.

आता फोन. अमेरिकेत हेरगिरीच्या परवानग्या देणारं एक गुप्त कोर्ट आहे, ११ जज्ज, नेमणूक सरन्यायाधीश करतात, मुदत ७ वर्षं. व्हिन्सन २००६ ते २०१३ त्यावर होते. तिथे समोर फक्त सरकार, विरुद्ध बाजूचा वकील नाही. २५ एप्रिल २०१३ ला, मुदत संपता संपता, त्यांनी सही केली की व्हेरायझन या फोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलची नोंद रोजच्या रोज एनएसए या सरकारी हेरखात्याला द्यावी, कुणी कुणाला किती वाजता किती वेळ फोन केला, सगळं. बोलणं काय झालं ते नाही. ५ जूनला गार्डियन या ब्रिटिश पेपरने तो आदेश छापला, एनएसएचं कंत्राटी काम करणाऱ्या स्नोडेनने फोडलेल्या कागदांतला हा पहिला. जो माणूस म्हणाला होता की सरकारच्या अधिकाराला हद्द हवी, त्याची सही त्या कागदाखाली. निम्माशहाणा, इथे मी बचाव करत नाही. असे आदेश दर तीनेक महिन्यांनी आलटून पालटून सगळेच जज्ज काढत होते, सात वर्षं, हे खरं, पण सही ती सही. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने म्हटलं की कायद्यात असं सरसकट गोळा करायचं कुठे लिहिलेलंच नाही.

तेवढं एक मात्र सांगायला हवं. २००७ मध्ये सरकारने याच कोर्टात आणखी मोठी मागणी केली होती, परदेशी नंबरांवर पाळत ठेवताना प्रत्येकासाठी कारण दाखवायला नको असा अर्थ लावा म्हणून. आधीच्या जज्जने तो अर्थ मान्य केला होता. पाळी व्हिन्सन यांची आली तेव्हा ते म्हणाले कायद्यात हे बसत नाही, हवं असेल तर कायदा बदलून आणा. ऑगस्टमध्ये काँग्रेसने खरंच बदलला. हे सगळं बंद दाराआड, तेव्हा कुणाला पत्ताही नाही, टाळ्या नाहीत नि शिव्या नाहीत.

झेडपीगुरुजी

आपल्याकडे फोन टॅप करायला कुठला जज्ज परवानगी देतो?

काळाकोट

कुठलाच नाही गुरुजी. गृहसचिवांची सही, आणि नंतर सचिवांचीच एक समिती ते बघते. कोर्ट नाही. त्यामुळे आपण त्यांना हसताना जरा बेताने.

पाटीपेन्सिल

धागा कुठून कुठे गेला 😅 पण एक विचारू का, असे नेव्हीतून येऊन जज्ज झालेले आपल्याकडे नाहीत का?

वास्कोकर

जज्ज असं नाही, पण सैन्यदलांचं लवाद आहे, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, मुंबईलाही खंडपीठ आहे. तिथे हायकोर्टाचे निवृत्त जज्ज आणि शेजारी निवृत्त फौजी अधिकारी असे दोघं बसतात. माझ्या पेन्शनचा घोळ होता तेव्हा एका मित्राच्या केसबरोबर मीही जाऊन बसलो होतो. जज्जसाहेब कागद विचारत होते आणि दुसरे साहेब विचारत होते की तेव्हा तू कुठल्या जहाजावर होतास. दोन्ही प्रश्न लागतात.

शेवंती

कॅमेलियाचं राहूनच गेलं! ते आमचं राज्यफूल आहे. माझ्या मागच्या अंगणात दोन आहेत, घराबरोबरच आले. बाकी सगळी बाग झोपलेली असते तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत फुलतात, पाकळ्या इतक्या नीट एकावर एक की कुणी कागद कापून लावल्यात असं वाटतं, वास मात्र जवळजवळ नाही, आमच्या आईला म्हणून ते आवडत नाही, ती म्हणते देवाला वाहून उपयोग काय, वासच नाही.

पण फार नाठाळ झाड. मुळाशी पाणी साचलं की रुसतं, जमीन आंबट लागते, आणि कळी धरायला उन्हाळ्यापासून सुरुवात करतं ते सहा महिने कळी तशीच. तुम्ही रोज बघताय, काही होत नाहीये. मग एक दिवस थंडी जास्त पडली की उमलायच्या आतच सगळ्या कळ्या टपाटप खाली. त्याचा अध्यक्ष होईपर्यंत जो माणूस मुरला त्याच्याकडे थांबायचा दम होता एवढं मी सांगू शकते.

आणि एक, काळाकोट, तुम्हाला माहितीये का, चहा हा पण कॅमेलियाच. त्याच कुळातला. कॅमेलिया सायनेन्सिस.

काळाकोट

नाही माहीत!! म्हणजे तो चहाचा परिच्छेद लिहिताना त्यांना... अहो म्हणजे ते चहा म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखत होते. मी तो निकाल आज परत काढून वाचणार. बायकोला सांगू नका.

निम्माशहाणा

सहमत नाहीच तुमच्याशी, फोनच्या बाबतीत तर अजिबात नाही. पण धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. शेवंतीताई, पुण्यात बाल्कनीत येईल का हे झाड? आमच्याकडे पाणी बोअरचं, जड आहे.

शेवंती

बोअरच्या पाण्यावर नाही येणार. पावसाचं साठवून घाला, मातीत शेणखताबरोबर पानांचं कुजलेलं खत भरपूर, आणि दुपारचं ऊन नको. एवढं करूनही कळ्या गळल्या तर मला शिव्या देऊ नका.